सिस्टरचं हँडल

पेशंटला डिस्चार्ज मिळाला की वॉर्डाचा आणि त्याचा संबंध संपतो. खाटेवरची चादर बदलते आणि दुपारपर्यंत तिथे दुसरं कुणीतरी पायाला वजन बांधून पडलेलं असतं. परळच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिली नोकरी केली, तिथेही असंच चालायचं. हाडांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना मात्र हे मान्य नव्हतं. त्या म्हणायच्या, "डिस्चार्ज कागदाला मिळतो. पायाला नाही."

हे त्या नुसतं म्हणत नसत. अधूनमधून चार दिवसांची रजा टाकायच्या, मोटारसायकल काढायच्या आणि जुन्या पेशंटांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आधी फोन करायच्या नाहीत. फोन केला की माणूस दाढी करून आणि काठी लपवून बसतो, असा त्यांचा अनुभव होता. संगमेश्वरकडच्या एका वाडीत त्या पोचल्या तेव्हा घरात साखरपुडा चालला होता. नवरीचा बाप त्यांचा जुना पेशंट. सिस्टरनी हेल्मेट काखेत धरून, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. पाऊल अजून बाहेर पडतंय म्हणून दम दिला आणि मग पंगतीला बसल्या. हे मला त्या पेशंटनेच सांगितलं, पुढे दुसऱ्या गुडघ्यासाठी आला तेव्हा. व्याही फार घाबरले होते म्हणाला. त्यांना वाटलं, पोलिसातल्या बाई आल्या.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, हाडं राहत. महाराष्ट्राचा नकाशाही त्यांच्या डोक्यात तसाच होता. "चिपळूणला माझा एक खुबा आहे," त्या सांगायच्या. "कराडला दोन मनगटं आहेत, पण ती भावाभावांची, एकमेकांशी बोलत नाहीत." ऐकणारा नवा असला की चमकून बघायचा. आम्हाला सवय झाली होती.

दिसायला त्या बुटक्या, रुंद, सावळ्या. केस पांढरे झालेले आणि ते अगदी खाली, मानेवर बांधलेले, कारण वर अंबाडा घातला तर हेल्मेट बसत नाही. वॉर्डात चालताना त्यांच्या चपलांचा आवाज येत नसे, आणि हे शिकाऊ नर्सेसना सगळ्यात जास्त त्रासाचं वाटायचं. चहा बशीतून प्यायच्या, पण उभ्याने. बसून चहा घेतला की माणूस गप्पा मारतो, हे त्यांचं मत. गप्पा त्याही मारायच्या, फक्त उभ्याने.

राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. वडील गिरणीत होते. मोटारसायकल मुळात त्यांच्या धाकट्या भावाची. तो आखातात नोकरीला गेला आणि जाताना सांगून गेला की आठवड्यातून एकदा कुणीतरी किक मारत जा, नाहीतर इंजिन धरेल. घरात दुसरं कुणी तयार होईना, म्हणून यांनी किक मारली. मग नुसती चालू करून बंद करणं त्यांना पेट्रोलची नासाडी वाटायला लागली, म्हणून चाळींच्या मैदानाला एक फेरी. भाऊ परत आला तोपर्यंत त्या महाबळेश्वरला जाऊन आल्या होत्या. त्याने गाडी मागितलीच नाही. पुढे ती म्हातारी झाल्यावर त्यांनी स्वतःची घेतली, लांबच्या प्रवासाची, जड, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेली. सकाळी ती चाळीच्या फाटकातून बाहेर पडताना नाक्यावरची माणसं "जय भीम, सिस्टर" म्हणायची आणि त्या हेल्मेट किंचित झुकवायच्या. हात हँडलवरून सुटत नसे.

त्यांचे मिस्टर पोस्टात होते. अतिशय शांत माणूस. लग्नानंतर सुरुवातीला ते मागे बसून जायचे, पण त्यांना गाडीवर झोप लागायची. लोणावळ्याच्या घाटात त्यांचं डोकं सिस्टरच्या पाठीवर आपटलं, तेव्हा सिस्टरनी गाडी थांबवून ओढणीने त्यांना स्वतःच्या कमरेला बांधलं आणि तसंच पुण्याला नेलं. त्यानंतर मिस्टरांनी मागे बसणं सोडलं. सिस्टर दौऱ्यावर गेल्या की ते घरी मासळी करायचे आणि शेजारच्या खोलीत वाटी पाठवायचे. म्हणजे चाळीतल्या लोकांना वासावरून कळायचं की सिस्टर मुंबईत नाहीत.

तर अशा बाईंचं मनगट मोडलं. गाडीवरून पडून नव्हे. चाळीच्या मोरीत गोधडी धुताना पाय सरकला आणि सगळा भार डाव्या हातावर आला. प्लॅस्टर घालायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी, हात कसा धरायचा हे स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गळ्यात झोळी अडकवून ड्यूटीवर हजर. "वरळीला आता आपलंही एक मनगट झालं," म्हणाल्या.

प्लॅस्टर निघालं आणि त्या माझ्याकडे आल्या. मी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायचे, की या हाताने तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवं आहे. बायका बहुतेक वेणी घालायची किंवा पोळ्या लाटायच्या असं सांगतात. सिस्टर म्हणाल्या, "क्लच दाबायचाय. माणगावला जायचंय."

माणगावचं प्रकरण मला ठाऊक होतं. काळाचौकीचा एक मांडववाला, गणपतीचा मांडव उभारताना वरून पडला होता. खुबा आणि दोन्ही पाय. आमच्या वॉर्डात तो इतके दिवस होता की शेवटी शेवटी नव्या पेशंटांना तोच हिंमत द्यायचा. घरी पाठवला तेव्हा वॉकर धरून जेमतेम चालत होता. पुढे व्यायामाला काही दिवस आला आणि यायचा थांबला. काम राहिलं नव्हतं, म्हणून बायकोसह माणगावजवळच्या गावी गेला. सिस्टरनी फोन केले तर तो उचलेना. एरवी फोन न करणाऱ्या बाई, याला मात्र पुन्हा पुन्हा करत होत्या. एकदा त्याच्या बायकोने उचलला आणि "बरे आहेत" एवढं सांगून ठेवून दिला. त्या आवाजावर सिस्टरचा विश्वास बसला नाही. रजा मंजूर झाली होती, पेट्या भरायच्या राहिल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात गोधडी धुवायला काढली.

आमचे व्यायाम सुरू झाले. त्यांच्यासारखा पेशंट मिळणं भाग्याचं आणि कटकटीचंही. सांगितलेलं सगळं करायच्या आणि न सांगितलेलंही करायच्या. वॉर्डात राउंड घेताना हातात मऊ चेंडू. पकड लवकर सुधारली. बोटं मोकळी झाली. पण मनगट मागच्या बाजूला पूर्ण वळेना. थोडं वळायचं आणि तिथे दार लागल्यासारखं थांबायचं. सर्जन म्हणाले, या वयात एवढं आलं हेच चांगलं आहे, आता याच्याशी जुळवून घ्या. सिस्टरनी एका रविवारी चाळीच्या आवारातच गाडीवर बसून बघितलं. हँडल पुढे आणि खाली होतं. ते धरायला वाकलं की अंगाचा भार तळव्यांवर यायचा आणि मनगट नेमकं तिथपर्यंत मागे वळायचं जिथे ते वळत नव्हतं. मैदानाला अर्धी फेरी मारून त्या परतल्या. सोमवारी मला त्यांनी एवढंच सांगितलं की, गाडी तशीच आहे, हातच परका वाटतोय.

त्यानंतर दोनेक दिवसांनी त्यांचे मिस्टर माझ्या खोलीच्या दारात उभे. एकटेच. सिस्टर तेव्हा वॉर्डात होत्या. मी त्यांना बसायला सांगितलं. ते बराच वेळ भिंतीवरचे व्यायामाचे तक्ते वाचत राहिले. मग म्हणाले की गाडीवर त्यांनी स्वतःच चादर घातली आहे. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतोय विकून टाका. "मी सांगून ती ऐकणार नाही. तुम्ही सांगितलंत, की आता चालवायची नाही, तर ऐकेल."

मला ते अवघड गेलं. ते काही रागाने किंवा हुकमाने बोलत नव्हते. बायको घाटात कुठेतरी, हाताने दगा दिल्यामुळे पडेल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. पण खोटं सांगणं मला शक्य नव्हतं. मी म्हटलं, काका, हातात जोर आहे. त्या क्लच व्यवस्थित दाबू शकतील. फक्त हँडलपर्यंत पोचताना मनगट वाकतं, तिथे दुखतं आणि पकड सैल होते.

त्यांनी स्वतःचा हात पुढे करून मनगट मागे-पुढे करून पाहिलं.

"मग हँडल हाताकडे आणता येतं का?" त्यांनी विचारलं.

मला मोटारसायकलमधलं काही कळत नव्हतं. पण आले होते गाडी बंद करायला आणि गेले हा प्रश्न घेऊन. त्याच संध्याकाळी त्यांनी तो सिस्टरना विचारला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर मला म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांना झोपेतसुद्धा कधी कधी सुचतं."

पहिलं हँडल मात्र त्यांनी कुणाला न विचारता आणलं. ऑपेरा हाऊसकडच्या सुट्या भागांच्या दुकानांत गेल्या आणि सगळ्यात उंच होतं ते घेऊन आल्या. हाताकडे आणायचंय तर पुरतंच आणूया, हा हिशोब. घोडपदेवच्या गॅरेजवाल्याकडे त्यांची गाडी कायम असायची. तो मालवणकडचा, तोंडाने फटकळ. कंपनीने विचार करूनच लावलंय ना, तुम्ही कशाला डोकं लावता, असं त्याने म्हणून पाहिलं. कंपनीने माझं मनगट बघितलेलं नाही, असं उत्तर मिळालं. हँडल उंच झालं म्हणून क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप आखूड पडले, ते लांब आणावे लागले. सगळं बसवून सिस्टर गाडीवर बसल्या तेव्हा तो म्हणाला, "बाय, कपडे वाळत घालूक बरां हा."

खरं होतं. मी पाहिलं तेव्हा त्यांचे हात खांद्यांच्या रेषेत वर गेलेले, कोपरं हवेत, आणि सगळा वारा छातीवर. मनगट दुखेना, पण खांदे भरून यायला लागले. हात इतका वेळ वर राहिल्यामुळे बोटांना मुंग्या यायच्या. शिवाय ते रुंद. लालबागला उड्डाणपुलाखाली दोन बसच्या मधून नेहमीप्रमाणे जाताना त्यांनी एका टॅक्सीचा आरसा दुमडला. टॅक्सीवाला खाली उतरला, पण हेल्मेटमधून त्यांनीच त्याला आधी विचारलं, की आरशात बघत होतास का. तो परत गाडीत बसला. मला हे सांगताना त्या हसल्या नाहीत. गाडी मागून आणल्यासारखी वाटते, म्हणाल्या, आपली नाही वाटत. वळवायला गेलं की आपल्या मनात येण्याआधी वळते. आठवडाभर त्यांनी हट्टाने तसंच चालवलं आणि एका सकाळी वॉर्डात येऊन सरळ जाहीर केलं, "चुकलं माझं. चांगलं दिसलं म्हणून घेतलं. पुन्हा बघू."

दुसऱ्या वेळी मी त्यांच्या खोलीवर गेले. मीच म्हटलं, की आधी तुमचे हात कुठे राहतात ते बघू, मग तिथे हँडल नेऊ. त्यांना पलंगाच्या कडेवर, गाडीवर बसतात तसं बसवलं. पाठ सरळ, खांदे सैल. डोळे मिटायला सांगितले आणि हात उचलून समोर जिथे आपोआप थांबतील तिथे थांबवायला सांगितले. त्यांचे मिस्टर कपडे वाळत घालायची काठी घेऊन समोर उकिडवे बसले आणि ती काठी त्यांच्या मुठीत अलगद दिली. काठी सरळ होती, मनगटं मात्र ती तिरकी धरू बघत होती, अंगठे थोडे वर आणि टोकं मागे. म्हणजे नुसती उंची नको होती. थोडी उंची, आणि टोकांना बसणाऱ्याकडे येणारा बाक हवा होता. मिस्टरांनी एका जाड तारेला वाकवून वाकवून तो बाक तयार केला. सिस्टर डोळे मिटून धरायच्या, नाक मुरडायच्या, ते पुन्हा वाकवायचे. एकदा त्यांनी ती तार धरली आणि नाक मुरडलं नाही. हातांनी ती जणू ओळखली होती. मग त्यांनी डोळे न उघडताच डाव्या हाताची बोटं मिटली, क्लच दाबल्यासारखी.

मिस्टर म्हणाले, "हे ना?"

"हे," त्या म्हणाल्या.

ती तार घेऊन दोघं दुकानांत गेले. पुष्कळ हँडलं शेजारी ठेवून पाहिली आणि तिच्याशी जुळणारं एक घेतलं. गॅरेजवाल्याने या खेपेला कुरकुर कमी केली. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला लागत नाही, वायर ताणत नाही, हे त्याने स्वतः दोनदा तपासलं. मग बराच वेळ ते किंचित पुढे, किंचित मागे फिरवणं झालं. शेवटी क्लचचा दांडा खाली झुकवून, तो हाताच्या सरळ रेषेत आणल्यावर सिस्टरचं समाधान झालं. आधीचं उंच हँडल त्यांनी फेकलं नाही. मिस्टरांनी ते गॅलरीत टांगलं आणि त्यावर खरोखरच टॉवेल वाळत घातले.

सवय व्हायला तरी वेळ लागलाच. रविवारी सकाळी क्रिकेटवाले येण्याआधी त्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढत फिरायच्या, अगदी हळू. पाय टेकला की स्वतःवरच चिडायच्या. हळू चालवताना खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वेगात गाडी स्वतःच सरळ राहते, हळू असताना ती तुम्हाला धरावी लागते. मिस्टर कडेला चहाचा थर्मास घेऊन उभे असत. पुढेपुढे त्यांचं लक्ष गाडीवरून उडून पेपरात जायला लागलं, तेव्हा मला कळलं की आता जमलंय.

माणगावला जाताना त्यांनी मला मागे बसवलं. हात माझ्या अखत्यारीतला आहे, तो वाटेत बिघडला तर कोण बघणार, असं कारण दिलं. थंडीचे दिवस होते. पहाटे निघालो, पनवेल मागे पडलं, वडखळला चहा घेतला. मी त्यांच्या बोटांना मुंग्या येताहेत का ते विचारलं. त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरून बोटं उघडमीट करून दाखवली आणि कप खाली ठेवला. माझी मात्र कंबर धरली होती. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

मांडववाल्याचं घर गावाच्या टोकाला, थोडं चढावर होतं. त्याची बायको अंगणात तांदूळ निवडत होती. सिस्टरना बघून ती उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. सिस्टरनी सरळ विचारलं, तो कुठे आहे. बाजारात गेलेत, ती म्हणाली.

"कोणाच्या गाडीवर?"

"चालत."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग ती हळूहळू सांगायला लागली. गावी आल्यावर तो खाटेवरून उठायलाच तयार नव्हता. वॉकर आडवा टाकून दिलेला. सिस्टरचा फोन आला की तोंड फिरवायचा, कारण सिस्टरना काय सांगायचं. मुंबईत सगळ्यांना हिंमत दिली आणि स्वतः असा पडलोय, याची लाज. मग कधीतरी, का ते तिलाही नीट सांगता येईना, एका सकाळी तो उठून दारापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी आंब्यापर्यंत. ती काही बोलली नाही, बोललं तर बसेल म्हणून. आता बाजारापर्यंत जातो, पण फोन करायचं धाडस अजून होत नव्हतं.

सिस्टर पडवीत बसल्या. मी त्यांना कधी इतका वेळ बसलेलं पाहिलं नव्हतं. पाणी घेतलं. तिथून चढाखालचा रस्ता लांबवर दिसायचा. काही वेळाने त्या वळणावर एक माणूस दिसला. हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी, पण काठी बहुतेक वेळ नुसती बरोबर होती. मध्येच तो थांबला, कुणाशी तरी बोलला आणि पुन्हा निघाला. सिस्टर टक लावून बघत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलत होते, वॉर्डात पेशंटला चालवताना हलायचे तसे.

मग त्या उठल्या आणि हेल्मेट घातलं.

"पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला सांग," त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या. "खांदा पाडतोय."

ती म्हणाली, अहो, ते पोचतीलच आता. मीही तेच म्हटलं. सिस्टर गाडीवर बसल्या होत्या. "समोर मी असले की पेशंट मला दाखवायला चालतात," म्हणाल्या. "आत्ता बघितलं ते त्याचं स्वतःचं चालणं."

आम्ही उतारावरून निघालो. त्याला ओलांडताना तो रस्त्याच्या कडेला सरकला, चटकन, दोन पावलांत. हेल्मेटमुळे त्याने ओळखलं नाही. आम्ही थोडं पुढे गेलो असू, तेव्हा मागून हाक आली, "सिस्टर." बहुधा गाडी त्याच्या ओळखीची होती, हॉस्पिटलच्या खिडकीतून रोज दिसायची. मी वळून पाहिलं. पिशवी आणि काठी दोन्ही रस्त्यात टाकून तो आमच्याकडे येत होता, आणि ते चालणं नव्हतं. लंगडत, तोल सावरत, पण तो धावत होता.

सिस्टरना ते आरशात दिसलं. त्यांनी क्लच दाबला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. तो धापा टाकत पोचला आणि हँडलवर हात ठेवून उभा राहिला.

"धावायला कोणी सांगितलं तुला?" सिस्टर म्हणाल्या.

तो हसला. त्याने फोन न उचलल्याबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी त्याला थांबवलं. रोज किती चालतोस, चढावर दुखतं का, रात्री पाय आखडतो का, असं एकेक विचारत राहिल्या. तो उत्तरं देत होता. जाड काचेचं हेल्मेट, वर ऊन, आवाज आतून घुमून येत होता. मी म्हटलं, सिस्टर, काच तरी वर करा, त्यांना नीट ऐकू येत नसेल.

त्यांनी काच वर केली नाही. मी मागे बसले होते, मला त्यांचे फक्त खांदे दिसत होते.